हीट प्रेससाठी सिरॅमिक ब्लँकेट की कॅल्शियम सिलिकेट बोर्ड?

कोल्हापुरातल्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या जर्सी छापायला घरीच हीट प्रेस (उष्णता नि दाबानं छापायचं यंत्र) जोडणाऱ्या मित्राचा प्रश्न : हीटर प्लेटच्या वर उष्णता अडवायला काय घालू, सिरॅमिक धाग्यांचं मऊ ब्लँकेट की कॅल्शियम सिलिकेटचा कडक बोर्ड?

भावा, ब्लँकेटच्या जाहिरातीतला १२६० अंशांचा आकडा आधी विसर. सब्लिमेशनला, म्हणजे उष्णतेनं शाई कापडात उतरवायला, २०० अंशांच्या आसपास लागतात. तेवढं दोन्ही आरामात सोसतात.

खरा फरक दाबाचा आहे. ब्लँकेटमध्ये उष्णता अडवते ती धाग्यांमधली हवा. स्क्रू आवळला की ते चेपतं, हवा निघून जाते, प्लेट कलते आणि जर्सीवरचा नंबर एका कडेला फिकट उमटतो. बोर्ड ताठ, भार पेलतो. हॅक्सॉनं कापता येतो, पण कडा लगेच तुटतात, म्हणून भोकं जरा आत पाड. बोल्टमधूनही उष्णता वर चढते; तिथं अभ्रकाचे वॉशर घाल.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे (धातू ओतायच्या कारखान्यांमुळे) ब्लँकेट आपल्याकडं मिळायला सोपं, वळवायलाही सोपं. पण त्याचे बारीक धागे फुप्फुसात जाणं वाईटच. कापताना मास्क, हातमोजे हवेतच आणि ते उघडं अजिबात ठेवायचं नाही. बोर्डाच्या धुळीलाही मास्क लाव.

दाब येतो तिथं बोर्डच घे. कव्हरच्या आतल्या मोकळ्या जागेत किंवा दाब नसलेल्या छोट्या ओव्हनला ब्लँकेट बरं.