रीगल की फिलमोर? लाइव्ह ब्लूज गिटारची सुरुवात कुठून करावी

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांतून आलेलं गाणं-वादन. लाइव्ह ब्लूज ऐकायला कुठून सुरुवात करू, असं कुणालाही विचारा, उत्तर बहुधा एकच येतं: गायक-गिटारवादक बी. बी. किंगचा 'लाइव्ह ॲट द रीगल'. यादी कुणाचीही असो, तो वरच्या दोन-तीनांत असतोच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००५ च्या निवडीत त्याला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत घेतलं. अशा अल्बमविषयी कुरकुर करणारा माणूस स्वतःच शहाणा ठरायला निघालाय असं वाटू शकतं, त्यामुळे जरा जपूनच लिहितो. अल्बम मोठा आहे, वाद नाही. पण कुणी मुख्यतः गिटारसाठी म्हणून पहिला लाइव्ह अल्बम निवडत असेल, तर मी त्याच्यापुढे अल्बर्ट किंगचा, फिलमोर नावाच्या हॉलमध्ये मुद्रित झालेला 'लाइव्ह वायर/ब्लूज पॉवर' सरकवतो.

आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा. मुंबईकरांना २०११ पासून वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव मिळाला, पहिल्याच वर्षी नामांकित ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन वाजवून गेला. सांगलीहून तिथं जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, वर तिकीट, वर कुणाकडे तरी मुक्काम. आपल्या वाट्याला लाइव्ह ब्लूज येतो तो अल्बमातूनच. मग तो नीट निवडलेला बरा.

आधी नावांचा घोळ मिटवू. बी. बी., अल्बर्ट आणि फ्रेडी, तिघेही ब्लूजचे गिटारवादक, तिघेही किंग, पण एकमेकांचे कुणी नव्हेत. अल्बर्ट काही काळ आपण बी. बी.चे सावत्र भाऊ आहोत असं सांगत फिरायचा. बी. बी.च्या गिटारचं नाव लुसिल, म्हणून यानं आपलीचं ठेवलं लुसी. दुसरा घोळ फिलमोरचा. सॅन फ्रान्सिस्कोचं फिलमोर ऑडिटोरियम वेगळं आणि न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट वेगळं; दोन्ही बिल ग्रॅहॅम हा कार्यक्रम भरवणारा माणूस चालवायचा. अल्बर्टचा अल्बम पहिल्या ठिकाणचा आहे. गंमत म्हणजे न्यूयॉर्कचं फिलमोर मार्च १९६८ मध्ये उघडलं तेव्हा पहिल्या रात्री अल्बर्ट होता आणि जून १९७१ मध्ये ते बंद झालं त्या शेवटच्या रात्रीही होता.

आता दोन खोल्या समोरासमोर ठेवून बघू. खोल्या म्हणतोय कारण लाइव्ह अल्बमात वादकाइतकाच हॉल वाजतो.

रीगल थिएटर शिकागोच्या साउथ साइडला होतं, कृष्णवर्णीय वस्तीच्या ऐन मध्यावर. २१ नोव्हेंबर १९६४ ला तिथं हे ध्वनिमुद्रण झालं. समोर बसलेल्या लोकांनी बी. बी.ची गाणी दहा-दहा वर्षं रेडिओवर ऐकलेली. पहिली ओळ सुरू व्हायच्या आत त्यांना पुढची ठाऊक. तोही त्यांना सांगतो की आता जरा जुनी गाणी काढू, ओळखलीत तर आवाज करा. आणि ते करतात. मनापासून करतात.

माझं अडलं ते इथंच.

लोक ओरडतात आणि आपल्याला कळत नाही कशावर. 'हाऊ ब्लू कॅन यू गेट' सुरू करण्यापूर्वी बी. बी. स्वतःच बजावतो की माझ्या गाण्याकडे किंवा बँडकडे फार बघू नका, शब्दांकडे लक्ष द्या. मग तो तक्रारींची यादी लावतो: तिला काय काय दिलं आणि तिनं प्रत्येकाला कसं नाक मुरडलं. यादी चढत चढत सात मुलांच्या ओळीपर्यंत जाते आणि थिएटर फुटतं. त्या ओळीला पोचेपर्यंत मी मात्र अजून दोन ओळी मागेच. उच्चार मिसिसिपीत वाढलेल्या माणसाचा, ऐकणारा सांगलीतला, इंग्रजी शाळेत शिकलेलं. हास्याचा लोट येऊन जातो, टाळ्या विरतात, आणि मग आपल्या डोक्यात उजेड पडतो. तोवर पुढचं गाणं सुरू. कारण तबकडीच्या पहिल्या बाजूवर तो गाणी एकमेकांत गुंफत नेतो, मध्ये उसंत नाही.

शब्द शोधून वाचता येतातच की, असं कुणी म्हणेल. मी वाचले. पुढच्या खेपेला मजा आलीही. पण मग मी ओळीची वाट बघत बसलो आणि गिटार कानाच्या कडेनं निघून गेली. शिवाय त्या किंकाळ्यांचा स्वर नेमका गिटारच्या वरच्या पट्टीत. चांगल्या हेडफोनवर दोन्ही वेगळे लागतात, टेबलावरच्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर मात्र बी. बी.ची तार गर्दीत बुडते. आवाज वाढवला की किंकाळी अंगावर येते, कमी केला की गिटार जाते. हात सारखा बटणावर. निदान माझ्याकडच्या स्पीकरवर तरी असं होतं.

दाद कुठं पडते याबद्दल मी जरा हळवा आहे, त्याला कारण मिरज. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तिथं घरच्या मोठ्यांबरोबर लहानपणापासून बसलेल्यांच्या कानाला एक खोड लागते. गायकानं जागा घेतली की पाठीमागून 'क्या बात' येते, आणि त्या दादेवरून नवख्यालाही समजतं की आत्ता काहीतरी घडलं. राग माहीत नसला तरी दाद बोट दाखवते. रीगलमधली दाद शब्दांकडे बोट दाखवते. फिलमोरमधली तारेकडे.

हा फरक पडला ऐकणाऱ्यांमुळे. जून १९६८ मध्ये अल्बर्ट सॅन फ्रान्सिस्कोत वाजवत होता तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि समोरची पोरं बहुतेक गोरी, लांब केसांची, रॉकवर वाढलेली. गाणी त्यांना पाठ नव्हती. मिसिसिपीतलं आयुष्य त्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे माहितीच्या बाबतीत ती साधारण आपल्याच ओळीत बसली होती. त्यांना समजत होतं ते एवढंच की हा धिप्पाड माणूस एक तार ओढतो आणि पोटात काहीतरी होतं. ती ओरडतात ती तार ओढल्यावर. मीही तिथंच ओरडतो, म्हणजे मनातल्या मनात. घरी माणसं असतात.

अल्बमातल्या सहा तुकड्यांपैकी नीट गायलेली अशी गाणी दोनच. बाकी वादन, किंवा वादन आणि बोलणं. 'ब्लूज पॉवर' नावाचा दहा मिनिटांचा तुकडा म्हणजे खरं तर छोटं प्रवचन आहे: ब्लूज सगळ्यांनाच कळतो, पाळण्यातल्या बाळाला दुधाची बाटली वेळेवर मिळाली नाही तर त्यालाही ब्लूज होतो, वगैरे. पण तो सावकाश बोलतो, बँडला कुजबुजीइतका खाली आणतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर गिटारनं त्यावर शिक्का मारतो. एखादा शब्द सुटला तरी बिघडत नाही, तेच तार पुन्हा सांगते.

दोन्ही अल्बमांत एक गाणं समान आहे, त्यामुळे ज्याला स्वतः ताडून बघायचं त्याची सोय झाली. 'प्लीज लव्ह मी' मूळ बी. बी.चं, १९५३ सालचं. रीगलमध्ये तो सॅक्सोफोन पाठीशी घेऊन ते धडाक्यात उडवतो; ऐकताना माणूस खुर्चीच्या टोकाला येतो. अल्बर्टकडे सॅक्सोफोन नाहीत, पाठीमागे ऑर्गन, बास, ड्रम आणि साथीची गिटार. त्याचं गाणं बी. बी.च्या गाण्यापुढे फिकं आहे, हे उघड सांगतो. पण गाणं संपून गिटार सुरू झाली की पारडं फिरतं. पाठोपाठ दोन्ही ऐका. कुणाच्या वेळी कान पुढं केला ते स्वतःलाच समजेल.

गिटारीविषयी थोडं. बी. बी. गाताना वाजवत नाही, वाजवताना गात नाही. गळा एक ओळ म्हणतो, लुसिल तिला उत्तर देते. त्यामुळे सबंध अल्बमात गिटार आहे, पण तुकड्या-तुकड्यांत. सलग हवी असेल तर 'वरी, वरी' या गाण्याचा आरंभ ऐकावा, तिथं तो गाणं सुरू करायच्या आधी निवांत वाजवतो. त्याचा तो थरथरता स्वर आला त्याच्या नात्यातल्या बुका व्हाइट या ब्लूजवाल्यामुळे. बुका तारेवर धातूची नळी सरकवून वाजवायचा, बी. बी.ला ते जमेना, म्हणून बोट तारेवर हलवून तो तसाच परिणाम काढू लागला. त्या एका कंपनावर निम्मं जग शिकलं.

अल्बर्टचं सगळंच उलटं. डावखुरा, आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता तशीच पालथी धरायचा. म्हणजे बारीक तार वरच्या अंगाला. इतर वादक तार वर ढकलतात, हा खाली खेचायचा, आणि मुळात तारा सैल लावलेल्या, त्यामुळे एकाच पडद्यावर स्वर भलताच वर चढायचा. नखी नाही, अंगठा. सतारीची मींड ऐकलेल्या कानाला हे काही परकं वाटत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणी कारागीर नवी सतार तपासताना पडद्यावरून तार ओढतो, तेव्हा स्वर मधल्या सगळ्या श्रुतींतून जातो. अल्बर्टचं 'ब्लूज ॲट सनराइज' त्याच वाटेनं जातं. इथं भाषांतराची गरजच पडत नाही. बी. बी.च्या स्वरात सफाई जास्त, पण अल्बर्टच्या स्वराला वजन आहे, आणि मला वजन लागतं.

त्याच्या उणिवा आहेतच. गिटारीवरचे ठेवणीतले चार-पाच वाक्प्रचार, म्हणजे ठरलेल्या स्वरओळी, तो पुन्हा पुन्हा काढतो. दोनदा ऐकलं की पुढं काय येणार ते कळायला लागतं. पहिलाच तुकडा, जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा 'वॉटरमेलन मॅन', मला अजूनही उगीच घेतल्यासारखा वाटतो. सहज नाचरा आहे, पण ब्लूज ऐकायला बसलेल्याचा हिरमोड होऊ शकतो. तो गाळून थेट दुसऱ्यावर गेलं तरी पाप नाही. आणि संध्याकाळी चार मित्र जमलेत, गप्पा चालल्यात, मागे काहीतरी चैतन्य हवंय, अशा वेळी रीगलला तोड नाही. अल्बर्ट गप्पांच्या मागे लावायचा नाही. खालच्या आवाजातलं सगळं हरवतं.

'ॲट फिलमोर ईस्ट'चं काय, हे कुणीतरी विचारणारच. ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडचा तो अल्बम मार्च १९७१ चा, न्यूयॉर्कच्या फिलमोरचा. त्यांचा गिटारवादक ड्वेन ऑलमन औषधाच्या काचेच्या बाटलीनं स्लाइड वाजवायचा, म्हणजे नळीऐवजी बाटली तारेवर सरकवायचा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. वादन म्हणून तो या दोघांच्याही पुढे असेल कदाचित. पण शेवटचा 'व्हिपिंग पोस्ट' एकटाच तेवीस मिनिटांचा. आमच्याकडे तेवीस मिनिटं सलग कधी मिळतात? कुकर, बेल, पाणी आलं का बघ, कुणाचा तरी फोन. अर्धवट ऐकलं तर तो तुकडा काहीच देत नाही. शिवाय तो रॉकच्या अंगानं जातो. तिसरा किंवा चौथा म्हणून उत्तम, पहिला म्हणून नको.

बी. बी.चाच 'लाइव्ह इन कुक काउंटी जेल' हा मात्र मधला मार्ग ठरू शकतो. १९७० साली शिकागोच्या तुरुंगात, कैद्यांपुढे. सुरुवातीला शेरीफ आणि न्यायाधीशांची ओळख करून दिली जाते आणि कैदी हुर्यो उडवतात. ती मात्र पहिल्या झटक्यात समजते.

अजून एक व्यवहाराची गोष्ट. फोनवर ऐकणार असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गाण्यांमधली पोकळी बंद करा. स्टुडिओतल्या अल्बमला तिनं फरक पडत नाही, पण रीगलमध्ये एक गाणं दुसऱ्यात शिरताना टाळ्या कचकन तुटतात आणि थिएटरच नाहीसं होतं. क्रम उलटसुलट करणारं बटणही चुकून चालू राहिलेलं नको. अल्बर्टचे तुकडे सुटे आहेत, त्याला हा त्रास कमी. फुकटच्या ॲपवर मध्ये जाहिरात येत असेल तर रीगलच्या वाटेला न गेलेलंच बरं.

अर्थात ज्यांचं इंग्रजी कानाला पक्कं आहे, किंवा ज्यांना गिटारीपेक्षा गायक आवडतो, त्यांना माझा हिशोब लागू नाही. त्यांनी खुशाल रीगल घ्यावा, आणि मला नावं ठेवावीत. बाकीच्यांनी अल्बर्ट कानात मुरल्यावर, शब्द एकदा वाचून, रीगलकडे 'वरी, वरी'पासून शिरावं.

अल्बर्टच्या त्याच जूनमधल्या रात्रींचं उरलेलं ध्वनिमुद्रण १९९० मध्ये 'वेन्सडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' आणि 'थर्सडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को' या नावांनी निघालं. त्यात तो गातो जास्त. आधी मूळ अल्बम घ्या. या दोघांची घाई नाही, आणि घ्यायचाच झाला तर बुधवारचा आधी.