संत्रागोळी, पॉपिन्स की कैरीची गोळी?

आमच्या शाळेच्या मेळाव्यासाठी गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं आणि दुकानात तीन नावांवर मन अडलं: बरणीतली सुटी संत्रागोळी, पॉपिन्स आणि पार्लेची कच्चा मँगो बाइट. तिन्ही घरी आणून चघळून पाहिल्या. तुम्हालाही असंच ठरवायचं असेल तर माझा कौल आधीच सांगते: मंडळी चाळिशीपुढची असतील तर संत्रागोळीच घ्या.

झेंडावंदन झालं की रांगेत हातावर पडायची ती हीच. फोडीच्या आकाराची, वर साखरेची खर. आधी जिभेला ती खर लागते, मग आंबटपणा उसळतो, आणि गोळी अर्धी विरघळली की तिची कड टाळूला टोचते. तो ओरखडासुद्धा मला हवासा वाटतो. सोललेल्या फोडीची चव मात्र तिच्यात शोधू नका. साल पिळल्यावर नाकाशी तुषार उडतात ना, त्या वासाची ही गोळी. आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा. या चवीचं आपल्याकडचं वय तरी केवढं! 1929 मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या पार्लेची सुरुवातच संत्र्याच्या गोळीपासून झाली, बिस्किटं नंतर आली.

तिची खोड एकच, ती ओल धरते. आटवलेली साखर हवेतलं पाणी ओढते आणि पावसाळ्यात बरणीत गोळ्यांचा ढेकूळ होतो. दुकानदाराला बरणी हलवायला सांगा. खडखड वाजली तर घ्या, नाहीतर दुसरं दुकान बघा.

पॉपिन्सची गंमत चवीपेक्षा हातात जास्त. कागद थोडा थोडा सोलायचा, पुढचा रंग कोणता निघतो ते बघायचं, लाल निघाली की भावंडांत ओढाओढ. डोळे मिटून खाल्ल्या तर दोन-तीन रंग मला ओळखताच आले नाहीत. पण मुलांना वाटायला याहून छान काही नाही. (चार वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र यातली कुठलीच कडक गोळी देऊ नका, घशात अडकते.)

कैरीच्या गोळीचा आंबटपणा तिघींत सर्वांत खरा. नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटतं. प्रत्येक गोळीला वेगळा कागद, त्यामुळे परदेशातल्या लेकीला पाठवायची असेल तर हीच. माझ्या वयाच्या माणसांना मात्र ती शाळेत नेत नाही. ते बालपण आमच्या धाकट्यांचं. 2015 मध्ये आलेली, आत चटकदार मीठ-मसाला भरलेली पल्स तर त्याहून नवी.

मालेगावकडची मंडळी असतील तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा आणि रावळगावची मँगो मूड मिळते का ते आधी बघा. वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्याच्या गावची ती गोळी. 2024 मध्ये रावळगावचा गोळ्यांचा व्यवसाय 27 कोटींना रिलायन्सकडे गेला, तेव्हा मला घरातलं कुणी दूर गेल्यासारखं झालं होतं.

मेळाव्यासाठी मी दीड किलो संत्रागोळ्या घेतल्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरल्या, आणि नातवंडं येणार म्हणून पॉपिन्सच्या दहा गुंडाळ्या वर ठेवल्या.