पाचव्या आवृत्तीवर सुपरहीरो: पावसाळ्यापासूनचा अनुभव

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा डाइस टाकून गोष्ट रंगवायचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीवर सुपरहीरोंचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) पावसाळ्यापासून चालवतोय. ड्रॅगन आणि किल्ले-तळघरं काढली, सोलापूर घातलं, बाकी नियम तेच. कारण एकच, फुकट. 2023च्या जानेवारीत एसआरडी 5.1, म्हणजे खेळाचे मूळ नियम, क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुलं झालं, मग परदेशी पुस्तकाला पैसे कोण घालणार? नवी पेठेत पाठपोट झेरॉक्स, वर स्पायरल. शाई हाताला लागते, दुकानदार म्हणतो तुमच्या हाताला घाम येतो. असो.

सुरुवातीला झकास चाललं. खेळातला मंक (लढवय्या साधू) म्हणजे चपळ हीरो, सॉर्सरर (जादूगार) म्हणजे हातातून वीज, नुसती नावं बदलायची. मग एका खेळात सात रस्ता चौकात रिक्षा उलटली, खाली माणूस अडकला. आमच्या बलदंड हीरोची स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचा आकडा, 20. खेळाडूला सहसा मिळणारी कमाल. उचलायची मर्यादा स्ट्रेंथच्या 30 पट पौंड. 600 पौंड, 272 किलो. रिकामी रिक्षाच तीनशेच्या वर जाते!

"काय बे, हीरो म्हणं, अन् रिक्षा हलंना व्हय?"

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच, जड नंदीध्वज पेलणारी माणसं बघत वाढलेली पोरं ही. त्यांना काय सांगणार? राक्षसांसाठीची कमाल 30 दिली तरी 408 किलोच. पंजा लढवला तर त्याहून वाईट. 20 स्ट्रेंथचा हीरो आणि 10 स्ट्रेंथचा पानवाला, दोघांनी नुसता डी20 (वीस बाजूंचा डाइस) टाकून स्ट्रेंथ तपासली तर साधारण चारातल्या एका वेळी पानवाला जिंकतो. हीरोच्या डाइसमध्ये +5 मिळतात, एवढाच फरक, डाइसच्या लहरीपुढे तो टिकत नाही. उडण्याचीही तीच रड. फ्लाय मंत्राचा वेग सहा सेकंदांना 60 फूट, ताशी अकरा किलोमीटर. लुनासुद्धा पुढे जाईल. वर कॉन्सन्ट्रेशन (मंत्र धरून ठेवायचं ध्यान) तुटलं की धाडकन खाली.

पण या पडण्यानेच माझं मत थोडं बदललं. पडलं की दर दहा फुटांना एक डी6 (सहा बाजूंचा डाइस) दुखापत, आणि 20 डी6ला हिशेब थांबतो. सरासरी 70. म्हणजे शंभरेक हिट पॉइंटवाला (किती मार सोसतो त्याचा आकडा) आभाळातून पडला तरी बहुतेक वेळा कपडे झटकून चालू लागतो. फँटसीत हा नियम हास्यास्पद वाटायचा, सुपरहीरोला तो मापून शिवल्यासारखा बसतो. इथल्या साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते म्हणून 2023 मध्ये पाडली, आमच्या खेळात ती अजून उभी आहे. तिच्यावरून उड्या मारणं हा पोरांचा आवडता धंदा.

वजनाचं मात्र मी ठिगळ लावलं. स्ट्रेंथ 20च्या पुढे गेली की वाढलेल्या प्रत्येक आकड्याला वजन दुप्पट. 21ला 544 किलो, 25ला पावणेनऊ टन. कल्पना माझी नाही. 2002 साली आलेला म्युटन्ट्स अँड मास्टरमाइंड्स हा सुपरहीरोंचाच खेळ याच डी20 सांगाड्यावर उभा राहिला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ताकद अशीच दुपटीने चढते, आणि हिट पॉइंट तर त्यात नाहीतच. जाणकार म्हणतात, सरळ तोच घे.

घेतला असता. पण मग या स्पायरलचं काय करू? आणि ग्रुपमधल्या निम्म्यांना अजून ॲडव्हांटेज म्हणजे दोन डी20 टाकून मोठा धरायचा, हे दर रविवारी नव्याने सांगावं लागतं. ठिगळासकट पाचात साडेतीन. झेरॉक्सला दीड.