राणीबाग, मे महिना, दुपारी बारा पस्तीस

माझा धंदा रोषणाईचा. लालबाग-परळ भागात गणपती, नवरात्र, लग्नं, सोसायट्यांचे कार्यक्रम अशी कामं बावीस वर्षं करतोय. त्यामुळे कुठे दिव्यांचं काही बघण्यासारखं लागलंय असं कळलं की मी वेळ काढून जातो. दुसऱ्याचं काम बघितल्याशिवाय आपलं सुधारत नाही.

यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात उपनगरातल्या एका बागेत सुटीनिमित्त दिव्यांचा महोत्सव लागला होता. बागेचं नाव लिहीत नाही. बायको, सहावीतली लेक आणि सुटीला आलेला भाचा असे चौघं संध्याकाळी गेलो. काम कच्चं नव्हतं. जॉइंट जमिनीपासून उंच घेतलेले, बोर्डाला झाकण, वायर पायात येत नव्हती. रंगही बरे निवडले होते. पण आत एक पिंपळ होता. खोडापासून वरच्या फांद्यांपर्यंत माळा गुंडाळलेल्या, आणि त्या घसरू नयेत म्हणून खोडात खिळे ठोकलेले. हात पोचेल तिथपर्यंत मी मोजले, सतरा भरले. वर कावळे होते. बसायचे, उठायचे, पुन्हा बसायचे. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. लेक म्हणाली, "बाबा, ह्यांना झोपू का देत नाहीत?"

तिला काय सांगणार? ही कामं मीही केली आहेत. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या आंब्याला मी माळ घातली होती, वर्षभर ठेवायची या बोलीवर. खिळे मारले नव्हते, पण माळ ताणून बांधली होती. पुढच्या वर्षी उतरवायला गेलो तर दोन ठिकाणी वायर सालीत रुतलेली. झाड दरवर्षी घेराने वाढतं आणि वायर वाढत नाही, एवढा साधा विचार मी केला नव्हता. अन्न खाली नेणारा भाग सालीतच असतो, त्यामुळे साल आवळली की झाडाचा गळा आवळल्यासारखंच होतं. ती वायर कापून काढताना चीक हाताला लागला तो दिवस मला आठवतो. त्यानंतर झाडावरची कामं मी बंद केली. 2024 साली झाडांवरच्या दिव्यांविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात पोचली, तेव्हा आमच्या धंद्यातले काहीजण वैतागले होते. मला मात्र वाटलं, कोणीतरी हे बोलायलाच हवं होतं.

तर त्या रात्री घरी येताना मी मुलांना म्हटलं, उन्हाळ्यातला खरा प्रकाश बघायचा असेल तर आपण राणीबागेत, म्हणजे भायखळ्याच्या झाडांच्या आणि प्राण्यांच्या बागेत जाऊ, भर दुपारी, आणि तेही 15 मेला. बायकोने माझ्याकडे बघितलं. मेमध्ये, दुपारी, भायखळ्याला! पण तारीख मी विचार करून सांगितली होती.

वर्षातून दोनदा मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्याला आणि एकदा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. जुलैत आभाळ भरलेलं असतं, त्यामुळे आपल्या हाती मेचाच दिवस लागतो. त्या दिवशी दुपारी साधारण बारा पस्तीसला उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. बाराला न होता पस्तीस मिनिटं उशिरा होतं याचं कारण घड्याळ. आपण जी वेळ पाळतो ती मुंबईच्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखावृत्ताची आहे, तिथला सूर्य आपल्या आधी माथ्यावर येतो.

भायखळा स्टेशनहून पूर्वेला चालत दहा-बारा मिनिटं. तिकीट मोठ्यांना पन्नास, मुलांना पंचवीस, आणि आई-बाबा व दोन मुलं असतील तर चौघांचे मिळून शंभर. आम्ही शंभरात आत. बुधवारी बंद असते हे ध्यानात ठेवा. साडेनवाला उघडते आणि आमच्यासारखं काम घेऊन यायचं असेल तर तेव्हाच यायला हवं.

पेंग्विन आधी उरकून घेतले, नाहीतर मुलांचं लक्ष तिथेच राहिलं असतं. हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. मुलं काचेला चिकटली, आम्ही दोघं थंडाव्यात उभे राहिलो. एवढं पुरे.

ही बाग वनस्पतींसाठी लावली गेली आणि प्राणी नंतर आले, हे बऱ्याच मुंबईकरांच्या डोक्यातून गेलंय. 19 नोव्हेंबर 1862 ला ती लोकांसाठी खुली झाली. ती उभी करणाऱ्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट होते. प्राणिसंग्रह आला 1890 च्या सुमारास. आज पन्नासेक एकरात तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत, 280 हून जास्त जातींची. माझ्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, पण चिंचपोकळीच्या चाळीतून ती आम्हा भावंडांना इथे आणायची आणि बसायची मात्र झाडाखालीच. वाघ बघायला आम्हाला एकट्यांना सोडायची. "हवा खाऊ दे मला," म्हणायची. एका खोलीत सातजण राहणाऱ्या बाईला ती हवा काय होती, हे मला आता कळतं.

दहाच्या सुमाराला आम्ही बहाव्यापाशी होतो. पिवळे घोस खाली लोंबत होते, हातभर लांब. आमच्याकडे वॉर्म व्हाइट नावाचा दिवा मिळतो, लग्नात सगळ्यांना तोच लागतो. बहाव्याच्या पाकळीतून सकाळचं ऊन आरपार येतं तेव्हा जो पिवळा दिसतो, तो त्या दिव्यातून आणायचा मी अनेकदा प्रयत्न केलाय. येत नाही. दिव्याचा पिवळा वरून पडतो, आणि हा आतून येतो. झाड बघायचं तर सूर्य झाडामागे असेल असं उभं राहा, पाठीशी घेऊ नका. एवढ्या एका गोष्टीने राणीबाग दुप्पट सुंदर दिसते. फोटो काढणारे नेमकं उलटं करतात. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस, असं आई म्हणते. ते खरं ठरतं का हे बघायला आम्ही घरी कॅलेंडरवर खूण केली आहे.

ताम्हणाचंही तसंच. आपलं राज्यफूल, पण दहाजणांना विचारा, दोघे ओळखतील. पाकळ्या चुरगळलेल्या मलमलीसारख्या पातळ, रंग जांभळा आणि गुलाबी यांच्या मधला. स्टेजवर हा रंग आणायला आम्ही दिव्यापुढे दोन-दोन जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, एकावर एक लावतो, तरी तो मळकट येतो. उर्वशीचा बहर मात्र संपला होता. ते ब्रह्मदेशातलं झाड, त्याच्यासाठी हिवाळ्याच्या अखेरीस यायला हवं, आणि मी येणार आहे.

कैलासपतीपाशी बायको थांबली ती हलेना. वास आधी येतो, झाड नंतर दिसतं. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर, जमिनीपासून हाताच्या अंतरावर. पाकळ्यांच्या आत फण्यासारखी वाकलेली केसरांची ओळ आणि तिच्या खाली पिंडीसारखा भाग. दक्षिण अमेरिकेतलं झाड, पण त्या फुलात आपल्या लोकांना शंकर दिसला आणि ते आपलं झालं. खाली पडलेली दोन फुलं तिने ओंजळीत घेतली. वर तोफगोळ्याएवढी फळं लटकलेली असतात, म्हणून मुलांना थेट त्याखाली उभं करू नका.

आता ज्यासाठी गेलो होतो ते.

एका मोठ्या रेन ट्रीखाली सावली बघून बसलो. जमिनीवर उन्हाचे ठिपके पडले होते. ठिपके आपण रोज बघतो, पण ते गोल का असतात असं लेकीला विचारलं. पानांमधली भोकं तर वेडीवाकडी, तिरपी, त्रिकोणी. ती म्हणाली, "मग ठिपके पण वेडेवाकडे पाहिजेत." बरोबर. पण ते भोकाचे आकार नसतात, ते सूर्याचे आकार असतात. प्रत्येक छोटी फट सूर्याचं एक चित्र जमिनीवर टाकते. ग्रहणाच्या दिवशी हेच ठिपके चंद्रकोरीसारखे दिसतात. हे मला धंद्यातून कळलं. फोकसच्या पुढे बारीक भोकाची पट्टी धरली तर भिंतीवर दिव्याच्या तारेचं चित्र पडतं, ते बघून मी शोधत गेलो.

माझ्या पिशवीत मोजपट्टी असतेच. दहा वाजता, बागेत येऊन थोडाच वेळ झाला होता तेव्हा, आम्ही एक ठिपका मोजून ठेवला होता: रुंदी आठ सेंटिमीटर, लांबी दहा. लांबट, कारण सूर्य तिरका होता. आता पुन्हा मोजायला घेतले. बारा वाजता लांबी-रुंदीत फरक जेमतेम. बारा वीसला भाचा जमिनीवर पालथा पडून मोजायला लागला. शेजारच्या बाकावरचे एक आजोबा उठून आले, म्हणाले, "काय हरवलंय?" त्यांना सांगितलं. ते तिथेच थांबले.

बारा तीसला मी माझी छोटी टॉर्च झाडाबाहेर उन्हात, सपाट फरशीवर उभी केली. पश्चिमेकडे नखाएवढी सावली होती, ती आत सरकत गेली. बारा पस्तीसला टॉर्चभोवती काहीच उरलं नाही. वरून बघितलं तर टॉर्चचं नुसतं वर्तुळ. भाच्याने स्वतःची सावली शोधली, ती त्याच्या बुटांभोवती गोळा झालेली. आजोबांनी काठी उभी धरली, मग हळूच हात वर-खाली करून खात्री करून घेतली, आणि एकदम म्हणाले, "आयुष्य गेलं या मुंबईत, हे कधी बघितलं नाही."

झाडाखाली परत आलो. ठिपका मोजला: आठ बाय आठ. पूर्ण गोल. लेकीला मग पुढचं गणित दिलं. ठिपक्याच्या रुंदीला 108 ने गुणलं की ती फट जमिनीपासून किती उंच आहे ते येतं, कारण सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या साधारण तितकेच पट दूर आहे. तिने वहीत गुणाकार केला, 864 सेंटिमीटर. साडेआठ मीटरच्या थोडं वर, म्हणजे जवळपास तीन मजले. ती मान वर करून त्या एका फटीकडे बघत राहिली. मी बावीस वर्षांत हजारो दिवे लावले असतील, पण माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडलेला मी बघितला नव्हता.

उकाड्याचं सांगायला हवं. घामाने शर्ट पाठीला चिकटतो, वारा पडलेला असतो. पाणी माणशी दीड लिटर तरी न्या, टोपी न्या, आणि एक ते तीन या वेळात मुलांना उन्हात फिरवू नका. आम्ही तेव्हा झाडाखालीच डबा खाऊन आडवे झालो. सावलीतला आणि बाहेरचा फरक अंगाला लगेच कळतो, कारण झाडं पानांतून पाणी सोडून भोवतालची हवा गार ठेवतात. बागेच्या आवारातल्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला काळा घोडा हा पुतळा आणि घारापुरीचा दगडी हत्ती आहेत, ते जाता जाता दाखवले. 1864 साली परदेशी नेण्यासाठी उचलताना तो हत्ती फुटला आणि पुढे सांधला, हे ऐकून भाचा सांधे शोधत बसला.

शेवटचा थांबा गोरखचिंच. आफ्रिकेतलं झाड, आमच्या खोलीएवढा बुंधा. लांब देठांना कळ्या लोंबत होत्या. लेकीने विचारलं, फुलं कधी उमलतात? रात्री. पांढरी, हातावर मावणार नाहीत एवढी मोठी, अंधार पडताना उघडतात आणि दुसऱ्या दिवशी कोमेजून गळायला लागतात. त्यांचे परागकण नेतात वटवाघळं. म्हणजे या झाडाला अंधार लागतो. नुसता झोपायला नाही, फळ धरायलाही. हे ती जरा वेळ मनात घोळवत राहिली, मग म्हणाली, "म्हणजे त्या बागेत हे झाड असतं तर?" मी म्हटलं, त्याला फळ आलं नसतं बहुतेक.

पाचनंतर शिट्ट्या वाजायला लागल्या, रखवालदार लोकांना फाटकाकडे वळवत होते. एकही दिवा न लावता बाग बंद होत होती. रेन ट्रीची पानं मिटायला लागली होती. आम्ही बाहेर पडेपर्यंत कावळे फांद्यांवर येऊन बसले होते, आणि बसलेले उठत नव्हते.