बीजीएमआय: नववीतल्या मुलाच्या आईचा अभिप्राय

बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया (बीजीएमआय, म्हणजे पब्जीचाच भारतीय अवतार) हा मोबाइल गेम मुलांना खेळू द्यावा का, असं आमच्या सोसायटीतल्या आया मला हल्ली सारखं विचारतात. ‘मारामारीचा गेम, पोरं हिंसक होतात’ ही भीती प्रत्येकीच्या मनात आहे. आमच्याकडे साताऱ्याला हा गेम रोज चालतो. मुलगा नववीत आहे, आणि त्याच्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे चौघांच्या टीममध्ये, एक जण कमी पडला की मीही खेळायला बसते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१०० जण विमानातून पॅराशूटने बेटावर उतरतात, घराघरांतून बंदुका आणि औषधं गोळा करतात. खेळायची जागा (झोन) आवळत जाते आणि शेवटी जी टीम उरते ती जिंकते. गोळीबार भरपूर आहे, पण लाल रक्त नाही, हिरवं काहीतरी उडतं. मेलेल्याच्या जागी सामानाची पेटी उरते. आवाज तर अप्रतिम! हेडफोन लावला की शत्रू वरच्या मजल्यावर आहे की जिन्यात, ते पावलांवरून कळतं. मला सगळ्यात आवडतं ते रिव्हाइव्ह. साथीदार नॉक झाला, म्हणजे गोळ्या लागून कोसळला, की पोरं स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला उठवायला धावतात.

मुलगा चिडतो का? हो, चिडतो. पण कधी चिडतो ते मी नीट पाहिलंय. गोळ्या झाडताना तो एकदम शांत असतो. आवाज चढतो तो नेट अडकून शेवटच्या झोनमध्ये मेल्यावर, नाहीतर मी जेवायला हाक मारल्यावर. ‘आई, थांब ना, लास्ट झोन आहे!’ ही मॅच मधेच थांबवून ठेवता येत नाही. उठलं तर बाकीच्या तिघांचाही खेळ बिघडतो. गल्लीत आउट-नॉट आउटवरून बॅट उगारणाऱ्या पोरांचा राग असतो ना, तसाच हा राग.

काही संशोधनही याच बाजूचं आहे. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्रिझबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी चक्क टेट्रिसमध्ये फेरफार करून तो मुद्दाम वैताग आणणारा केला. त्यात बंदूक नाही, रक्त नाही, तरी खेळणाऱ्यांची आक्रमकता वाढली. २०१९ मध्ये त्यांनी आणि नेटा वाइनस्टीन यांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं होतं. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध त्यात दिसला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचं २०२० चं म्हणणं थोडं वेगळं आहे: ओरडणं, ढकलाढकली अशा गोष्टींशी लहानसा संबंध आहे, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. मला हे पटतं, कारण घरात ओरडणं मी ऐकते. आणि आपल्याकडे २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली तीही हिंसेमुळे नव्हे, माहितीच्या सुरक्षिततेचं कारण देऊन.

मला खरा घोर आहे तो माइकचा. अनोळखी टीममेट आई-बहिणीवरून ज्या शिव्या देतात, त्या मी स्वतः कानाने ऐकल्यात. १४ वर्षांच्या पोराच्या तोंडी जे बसतं ते बंदुकीतून येत नाही, या माइकमधून येतं. आमच्याकडे नियम एकच: ओळखीचे मित्र असतील तरच माइक चालू.

२०२२ मध्ये बीजीएमआयही बंद झाला होता; २०२३ मध्ये तो परत आला तेव्हा १८ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. शाळा, क्लास आणि झोप सांभाळून ३ तास? फार झाले. आमच्याकडे रोज दोन मॅच, रविवारी चार. पाचवी-सहावीतल्या मुलाला मी हा गेम देणार नाही. आठवी-नववीतल्याला जरूर द्या, पण दोन-चार मॅच स्वतः त्याच्या शेजारी बसून खेळा. आणि हाक मारण्याआधी स्क्रीनवर किती जण जिवंत आहेत तो आकडा बघा. दहाच्या आत असेल तर पोळ्या जरा उशिरा टाका.