कोल्हापुरात भाड्याचं घर शोधणं: एजंटला अडीच स्टार, घराला चार

आधी स्टार देऊन टाकतो, ज्यांना घाई आहे ते मोकळे. एजंटला पाचात अडीच, घराला चार, एरियाला साडेचार (अर्धा कुत्र्यांनी खाल्ला). आणि "देऊन टाकतो" वाचून गोंधळू नका, मी बाईच आहे. कोल्हापूरच्या बायका येतो-जातो-करतोच म्हणतात, पुण्यात ११ वर्षं काढली, शेजारणी हसायच्या, पण जीभ काय वळली नाही.

तर झालं असं की नवऱ्याला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली, माझं काम लॅपटॉपवर कुठनंही होतं, आणि आत्ती म्हणजे सासूबाई राधानगरी तालुक्यात गावाकडं एकट्या, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. म्हटलं चला कोल्हापूर. आता राहायचं चौघांनी एकाच घरात, पण प्रत्येकाच्या डोक्यातलं घर वेगळं. नवऱ्याला गाडी सावलीत लावायला मिळाली पाहिजे आणि हायवेला पटकन लागता आलं पाहिजे. मला मीटिंगच्या वेळेला शांतता आणि न तुटणारं नेट. लेकीला झोपाळा. आत्तींना विचारलं तर म्हणाल्या, "दार उघडलं की माणूस दिसावं, एवढंच." मला वाटलं सगळ्यात सोपी अट त्यांचीच आहे. नंतर कळलं ती सगळ्यात अवघड होती.

एजंट मिळाला कुणाच्या तरी व्हॉट्सअॅप स्टेटसवरनं. वागायला माणूस गोड, "वहिनी वहिनी" करणारा, फोन पहिल्या रिंगला उचलणारा. घर दाखवायची फी ५०० रुपये आधीच घेतली आणि घर पक्कं झालं की एक महिन्याचं भाडं. फोटो असे पाठवायचा की हॉलमध्ये टेनिस बॉलची मॅच घ्यावी, प्रत्यक्षात गेलो तर सोफा आत घेतला की माणसांनी जिन्यात बसायचं. आणि त्याचं एक वाक्य ठरलेलं, "अंबाबाई इथनं दहा मिनिटं." सगळ्या घरांना दहा मिनिटं. पार हायवेकडच्या तावडे हॉटेलजवळच्या फ्लॅटलापण दहा मिनिटं आणि देवळाच्या जवळ मिरजकर तिकटीला असलेल्या खोल्यांनापण दहाच. नवरात्रात गाडी घेऊन बिंदू चौकापर्यंत जरी दहा मिनिटात पोचून दाखवलं असतं तरी मी पाच स्टार दिले असते.

दोन महिन्यात नऊ घरं बघितली. सगळी सांगत बसत नाही, काही तर दारातनंच परत फिरलो.

पहिलं मात्र सांगायलाच पाहिजे. जयंती नाल्यापासनं फार लांब नाही असा ग्राउंड फ्लोअरचा टू बीएचके, भाडं बाकीच्यांपेक्षा तीन हजारानं कमी, नवा पेंट, जिना नाही म्हणजे आत्तींच्या गुडघ्याला बेस्ट. मी तर मनात पडदे पण लावून झालेतो. आत्ती आत आल्या त्या काही बोलेनात, नुसत्या भिंतीवरनं हात फिरवत चालल्या. मग हॉलच्या कोपऱ्यात थांबल्या आणि मला बोलावून हात तिथं ठेवायला लावला. छातीएवढ्या उंचीपर्यंत प्लास्टर जरा खडबडीत, नवं, आणि वर एकदम गुळगुळीत जुनं. रंग एकच, पण बोटाला जोड कळतो. बाहेर आलो तर लाईटचे मीटर खाली पार्किंगमध्ये असतात ते इथं पहिल्या मजल्यावर जिन्यात चढवलेले. आत्तींनी वॉचमनला सरळ विचारलं, "काय ओ पाव्हणं, पाणी कुठवर आलतं?" तो बिचारा एजंटकडं बघत बघत स्वतःच्या गळ्याजवळ हात नेऊन म्हणाला, "२०१९ ला हितवर. २०२१ ला बी आलं की."

एजंट लगेच, "वहिनी, ते आता नाही येत, आणि बिल्डिंग निळ्या रेषेच्या बाहेर हाय."

बाहेरच्यांसाठी सांगतो. नदीच्या पूररेषा दोन असतात, निळी म्हणजे साधारण २५ वर्षातनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षातनं एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामच करायचं नसतं. कागदावर छान वाटतं. पण २००५, २०१९, २०२१, मोठे पूर तीन आणि वर्षं सोळा, हा हिशोब कुठल्या रेषेत बसवायचा ते एजंटला विचारलं तर तो फोनवर बोलायला बाजूला गेला. कोल्हापुरात जुलै लागला की लोक गुड मॉर्निंगच्या जागी "आज किती फूट?" विचारतात, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोराला पण पाठ असतं. २०१९ ला पंचगंगा ५५ च्या वर गेली, हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, आम्ही पुण्यात टीव्हीसमोर बसलेलो आणि आत्तींचा फोन लागत नव्हता. त्यामुळं व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, दुधाळी, रमणमळा ही नावं ऐकली की आमच्या घरात प्रश्न एकच, "कितवा मजला?" तिथं राहणारी माणसं मजेत राहतात, वरच्या मजल्यावर तर काहीच प्रॉब्लेम नाही, पण ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन बोटीत कोण चढणार.

म्हणून फुकटचा सल्ला, एजंटला पूर आलता का विचारू नका, समोरच्या किराणावाल्याला विचारा. तो माल वाचवायला धावलेला असतो, त्याला इंचात आठवतं.

मग शिवाजी पेठ. हे माझं नाही, आत्तींचं घर. निवृत्ती चौकाच्या आतल्या बाजूला जुनं दुमजली, खालच्या तीन खोल्या भाड्यानं, वर मालकीणबाई, वय असेल पंच्याहत्तर. आम्ही गेलो संध्याकाळी सहाला. दारात पायरीवर आज्जी बसलेली, समोर दोन बायका, एक म्हातारं, एक सायकल दुरुस्त करणारा पोरगा, आणि सगळ्यांनी एकदम आमच्याकडं बघितलं. आज्जीनं घर दाखवायच्या आधी नवऱ्याला विचारलं, "तुमी कुठल्या तालमीचं?" (म्हणजे कुठल्या फुटबॉल टीमचं, इथं तालमींच्याच टीम असतात.) हा गडी राधानगरीकडचा, फुटबॉल कधी बघितला नाही, म्हणाला मी क्रिकेट बघतो. तिथंच आमचे मार्क कमी झाले. पुण्याच्या लोकांना सांगून पटत नाही, पण इथं पेठेत पाटाकडील का दिलबहार का खंडोबा हे आडनावासारखं असतं, आणि शाहू स्टेडियमवर मॅच असली की त्या दिवशी गल्लीत वेगळंच वारं.

आत्ती मात्र दहा मिनिटात त्या पायरीवर बसल्या होत्या. अक्षरशः बसल्या, गुडघा लांब करून. आज्जीनं चहा आणला, ऑपरेशन कुठं केलं, किती खर्च आला, सून कशी आहे (माझ्यासमोर), सगळं झालं. पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून देतात, नातीला तेच पाजा, पिशवीचं नको, असा आदेश पण निघाला. नवरा या सगळ्या वेळात गाडी घेऊन फिरत होता. पाऊण तास. शेवटी गाडी खरी कॉर्नरच्या पलीकडं लावून चालत आला, घामाघूम, आणि तेवढ्यात कुठली तरी टीम जिंकली असणार कारण गल्लीच्या तोंडाला फटाक्यांची माळ लागली ती थांबेचना. माझी नेमकी क्लायंटबरोबर मीटिंग चालू. क्लायंट म्हणाला, इज एव्हरीथिंग ओके? मी म्हणालो, येस येस, फेस्टिव्हल. कुठला ते सांगता आलं नाही.

नको म्हणालो. आत्ती काही बोलल्या नाहीत, पण गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहिल्या ते घर येईपर्यंत.

राजारामपुरी बघितली, गल्ल्यांना नंबर आहेत त्यामुळं पत्ता सांगायला सोपं, सगळं हाताशी, पण खाली दुकान वर क्लास त्याच्यावर हॉस्टेल, दुपारीसुद्धा हॉर्न. ताराबाई पार्क, नागाळा पार्क मस्तच, झाडं, रुंद रस्ते, शांत, फक्त भाडं ऐकून आम्हीपण शांत झालो. एजंटचं म्हणणं ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं चालू झाल्यापासनं वकील लोक घरं शोधायला लागलेत म्हणून रेट चढलेत. असेल खरं, पण एजंट लोकांना रेट चढवायला काहीतरी लागतंच, आधी एअरपोर्ट सांगायचे.

शहराच्या हद्दीबाहेर एक फ्लॅट बघितला, गावाचं नाव घेत नाही. काय सुंदर होता. चौथा मजला, लिफ्ट, झोपाळा लावायला गॅलरीत हुक पण तयार, समोर उसाचं शेत, वारं असं की दार आपोआप आपटतंय. सगळ्यांना आवडला, टोकन काढायला नवऱ्यानं फोन हातात घेतलेला. तेवढ्यात आत्ती किचनमध्ये गेल्या आणि नळ सोडला. फुस्स. बाथरूमचा सोडला. फुस्स. एजंट म्हणाला टाकी भरायची राहिली असेल. खाली उतरलो तर टँकर लागलेला आणि दोन बायका कुणाच्या वाट्याला किती यावरनं भांडत होत्या. महिन्याला टँकरचे किती जातात विचारलं, त्यांनी सांगितलेला आकडा भाड्यात मिळवला तर ताराबाई पार्क परवडला असता. शहराचं असं आहे की १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासनं हद्दवाढ हद्दवाढ चाललंय आणि लोक मात्र केव्हाच हद्द ओलांडून राहायला गेलेत, घरं शहराची, पाणी ज्याचं त्यानं बघायचं.

त्या दिवसापासनं आमचा नियम झाला, आधी नळ सोडायचा, मग हॉल बघायचा.

शेवटी घेतलं ते साने गुरुजी वसाहतीकडं, राधानगरी रोडपासनं आत दुसऱ्या गल्लीत, बंगल्याचा खालचा मजला, साडेतेरा हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट. घर काही फोटोजेनिक नाही. किचनचा ओटा माझ्या कमरेच्या खाली आहे, भांडी घासून पाठ धरते, बाथरूमच्या दाराला पावसात खांद्यानं ढकलायला लागतं. पण भाग उंचावर, नळाला जोर चांगला. थेट पाईपलाईनचं काळम्मावाडी धरणाचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं ते इथनं जवळच पुईखडीला येतं. अंगणात आंब्याला झोपाळा बसला. रंकाळा चालत पंधरा मिनिटं (मी घड्याळ लावून मोजली, एजंटची दहा नव्हेत), सकाळी संध्यामठ दिसेपर्यंत चालून यायचं आणि येताना मिसळ टाळायची, दोन्हीतलं एकच जमतं. नवऱ्याला कागलला पाऊण तास लागतो म्हणून तो कुरकुरतो, पण गाडी सावलीत आहे. माझं नेट चालतं. रात्री अकराला कुत्री सुरू होतात, तो अर्धा स्टार तिथं गेला.

एजंटचे अडीच का, तर शेवटच्या दिवसामुळं. सगळं ठरल्यावर म्हणाला, वहिनी, स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करू, कशाला रजिस्टर करताय, खर्च वाढतोय. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, त्याच्या कलम ५५ प्रमाणं भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, हे मी पुण्यात एकदा डिपॉझिट बुडवून शिकलोय. सांगितलं तर याचा चेहरा पडला. घरमालक काका उलट म्हणाले, बरं झालं बोलला, मला कुणी सांगितलंच नव्हतं. ऑनलाईन झालं सगळं, घरी बसून अंगठे दिले. आणि तरी गड्यानं "कागदपत्राचे" म्हणून दोन हजार जादा मागितले, मी दिले नाहीत, त्यानं पण परत मागितले नाहीत.

आठ महिने झाले. आत्तींचं म्हणाल तर इथं बंगलेवाले दार लावून बसतात, गेट, मग अंगण, मग दार, माणूस दिसायला वेळ लागतो. पहिला महिना त्या नुसत्या गेटला खुर्ची टाकून बसायच्या. मग त्यांनीच मार्ग काढला, दर गुरुवारी रिक्षानं रंकाळा स्टँडला जायचं. तिथं गावची एसटी लागते, कोण उतरलं, कोण चाललं, कुणाची म्हैस व्याली, सगळं कळतं, आणि येताना कुणीतरी दिलेली मेथीची पेंढी घेऊन येतात.

परवा एजंटचा मेसेज आला, शिवाजी पेठेतलं ते घर परत रिकामं झालंय, आज्जी विचारत्यात तुमच्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे. मी वाचून फोन बाजूला ठेवत होतो तर आत्तींनी मागून घेतला, लांब धरून दोनदा वाचला आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "अरे, ते गाडीचं कुठं भाड्यानं लावायला मिळतंय का विचारून तर बघ."