‘हार्मोनचं इंजेक्शन’ आणि माझी दोन वर्षं

श्रावणात कानबाईचे रोट (आमच्या खानदेशातला सण) झाले की माझं नाक सुरू होतं. आमच्या अमळनेर तालुक्यात तेव्हा बांधावर, रस्त्याकडेला गाजरगवत कमरेएवढं असतं. सकाळी पंधरा-वीस शिंका, डोळे लाल, कपाशीत उभं राहणं मुश्कील. हे दिवाळीपर्यंत चालायचं.

कुणीतरी सांगितलं, बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर येतात, एका सुईत सीझन निघतो. गेलो. ते म्हणाले, "शरीरात हार्मोन कमी पडलाय, भरून काढू." बाटलीवरचं लेबल खरवडलेलं. आत दुधासारखं पांढरं औषध, ते खळखळ हलवून कमरेत टोचलं. पंधराशे रुपये, पावती नाही. तिसऱ्या दिवशी नाक कोरडं ठणठणीत! मी स्वतः चार जणांना त्यांच्याकडे पाठवलं, याची आता लाज वाटते.

दुसऱ्या वर्षी एका सुईने भागेना. तीन घेतल्या, वर रोज एक पुडी, 'शुद्ध आयुर्वेदिक'. चेहरा गोल झाला. पारावरची मंडळी म्हणायची, "भाऊ, तब्येत भारी व्हई गयी तुमनी!" मलाही बरंच वाटायचं. मग पुडी संपली आणि आठवडाभरात खाटेवरून उठवेना. उलट्या, चक्कर. पोरगा जळगावला घेऊन गेला. साखर 286 निघाली, आणि सकाळी आठ वाजता रक्त घेऊन कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते एक हार्मोन, तपासलं तर तळाला गेलेलं.

तिथल्या डॉक्टरांनी उलगडून सांगितलं. अ‍ॅलर्जी हार्मोन कमी पडून होतच नाही. परागकणांवर शरीर उगाच चवताळतं, एवढंच. मला टोचत होते ते स्टेरॉइड असणार, कॉर्टिसोलच्याच जातीचं. पुडीतही तेच असावं. बाहेरून एवढं मिळालं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं काम बंद करतात. म्हणजे हार्मोन आधी कमी नव्हता, या उपचारानेच कमी केला! एकदम तोडता येत नाही म्हणून त्यांनी स्टेरॉइडच्याच गोळ्या दिल्या, त्या हळूहळू उतरवत बंद करायला पाच महिने लागले.

आता सीझनच्या दोन आठवडे आधीपासून नाकात मारायचा स्प्रे घेतो. त्यातही स्टेरॉइडच, पण अगदी थोडं आणि जागच्या जागी. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूला तोंड करून मारायचा. शिंका येतात, पण दोन-चारच.

कमरेवर सुईच्या जागी खड्डा पडलाय, अंगठा मावेल एवढा. तो दाखवून पैसे मागायला गेलो तर बाजारवाले डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कोर्स अर्धवट सोडलात."